अलर्ट स्वयंचलित करण्याआधी : कोणाचा व्यवहार अडतो, कधी आणि किती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या नागरी सहकारी बँकेत सर्व्हर, नेटवर्क, एटीएम आणि कोअर बँकिंग (सर्व खात्यांची मध्यवर्ती प्रणाली) यांचे मॉनिटरिंग, म्हणजे सततची देखरेख, एका नव्या साधनावर आणले जात आहे. अलर्ट (बिघाडाचा इशारा) आला की तिकीट (दुरुस्तीच्या कामाची नोंद) आपोआप निघावे आणि जमेल तिथे दुरुस्तीही आपोआप व्हावी, अशी योजना आहे. संचालक मंडळ मात्र 'यात बँकेचे काय वाचणार' असे विचारते आणि पुरवठादार उत्तरादाखल अलर्टची संख्या किती घटेल याचा आलेख पुढे करतो. प्रत्येक अलर्टचा व्यवसायावरील परिणाम कसा ठरवायचा, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. अलर्टपासून सुरुवात करून वर व्यवसायापर्यंत पोहोचण्याचा मार्ग लांबचा आहे आणि तो बहुतेकदा अर्ध्यावरच सुटतो. सुरुवात व्यवहारापासून, म्हणजे ग्राहकाचे किंवा शाखेचे जे काम अडू शकते तिथून करावी आणि मग खाली उतरत सर्व्हर, डिस्क आणि केबलपर्यंत यावे. प्रत्येक स्वयंचलित नियमापुढे दोन प्रश्न लिहून ठेवावेत : ही घटना कोणी पाहिलीच नाही तर काय अडेल, आणि यंत्रणेने स्वतःहून केलेली कृती चुकली तर काय अडेल. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारत नाही, आणि स्वयंचलनाने होणारे मोठे नुकसान बहुधा तिथूनच होते.

कोणतेही मॉनिटरिंग साधन बसवले की त्यासोबत तयार टेम्प्लेट येतात. सीपीयू, मेमरी, डिस्क यांच्या मर्यादा त्यांत आधीच भरलेल्या असतात आणि मर्यादा ओलांडली की 'क्रिटिकल' असा लाल शिक्का बसतो. हा शिक्का त्या उपकरणापुरता खरा असतो. त्यात बँकेचे काय जाते हे टेम्प्लेट लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या पद्धतीत इव्हेंटचे, म्हणजे यंत्रणेत नोंदल्या जाणाऱ्या घटनेचे, माहिती, इशारा आणि अपवाद असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ही विभागणी उपयोगाची आहे, पण प्रत्यक्षात तिन्ही प्रकार तिकिटांच्या एकाच रांगेत येऊन पडतात आणि रात्रपाळीचा अभियंता रंग पाहून काम उचलतो.

एक उदाहरण जवळून पाहू. चेकच्या जुन्या प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरची डिस्क ९५ टक्के भरली आहे आणि पडद्यावर लाल अलर्ट आहे. त्याच वेळी कोअर बँकिंगच्या डेटाबेसची आर्काइव्ह लॉग (झालेल्या बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदी) साठवण्याची जागा ८० टक्क्यांवर आहे आणि तिथे फक्त पिवळा इशारा आहे. पहिल्या डिस्कवर दिवसाला थोडीशीच भर पडते, त्यामुळे ती भरायला अनेक आठवडे लागतील. दुसरीकडे दिवसअखेरचे काम सुरू होताच व्याजाच्या नोंदींमुळे लॉग झपाट्याने वाढतात, आणि ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये ही जागा पूर्ण भरली की नवे बदल स्वीकारणेच थांबते. सर्व्हर चालू असतो, नेटवर्क चालू असते, पण बँक बंद असते. येथे टक्केवारी पाहण्यापेक्षा 'या वेगाने किती वेळात भरेल आणि भरल्यावर कोणता व्यवहार थांबेल' हे पाहणे अधिक उपयोगाचे. वेगावरून अंदाज बांधण्याची सोय आज प्रोमेथियस, झॅबिक्स यांसारख्या मुक्त साधनांतही आहे. थांबणाऱ्या व्यवहाराचे नाव मात्र आपल्यालाच लिहावे लागते.

म्हणून पहिले काम म्हणून संगणकांची यादी करू नका, कामांची यादी करा. आपल्या बँकेत ती बहुधा अशी असेल : काउंटरवरील रोख भरणा आणि रोख काढणे, एटीएम, यूपीआय, एनईएफटी आणि आरटीजीएस, एनएसीएच (ठरावीक हप्ते व रकमांच्या सामूहिक देवघेवीची व्यवस्था) मधील वसुली आणि जमा, चेक क्लिअरिंग, मोबाइल बँकिंग आणि दिवसअखेर. यांतील प्रत्येक काम कोणकोणत्या टप्प्यांतून जाते हे एका कागदावर एका ओळीत लिहा. बऱ्याच सहकारी बँकांमध्ये ही साखळी बँकेबाहेर जाते, कारण स्विच (एटीएम, यूपीआयचे व्यवहार योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा) दुसऱ्याचा, कोअर बँकिंग पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये आणि पेमेंटची जोडणी प्रायोजक बँकेमार्फत असते. आपल्या ताब्यात नसलेले टप्पेही त्या ओळीत आलेच पाहिजेत. संपूर्ण सीएमडीबी (सर्व उपकरणे आणि त्यांच्या परस्पर जोडण्यांची नोंदसूची) तयार झाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा हट्ट मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. ती कधी पूर्ण होत नाही आणि प्रकल्पाचा उत्साह मात्र आटतो. आठ-दहा ओळींचा कागद पुरेसा आहे.

हा कागद आयटी विभागात बसून भरू नका. शाखाधिकारी, एटीएम कक्ष, रिकन्सिलिएशन (नोंदींचा ताळमेळ) पाहणारे कर्मचारी आणि तक्रार कक्ष यांच्याकडे जाऊन तीन साध्या गोष्टी विचारा : हे बंद पडले तर पहिला फोन कोणाचा आणि किती वेळाने येतो, तोपर्यंत काम हाताने रेटता येते का, आणि जे चुकले ते नंतर निस्तरता येते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. पासबुक छपाई दोन तास बंद राहिली तर लोक चिडतील, पण उद्या छापून देता येईल. एनएसीएचची फाइल वेळेत गेली नाही तर कर्जाचा हप्ता चुकलेला दिसेल, ग्राहकाला दंड लागेल आणि तो निस्तरायला दोन बँकांचा पत्रव्यवहार करावा लागेल. अलर्टच्या दृष्टीने दोन्ही घटना 'सेवा बंद' अशाच दिसतात.

परिणामाचे पैशात मोजमाप करता येत नाही, असे म्हणून अनेक जण हा विषय सोडून देतात. बँकिंगमध्ये मात्र काही मोजमापे नियामकानेच दिलेली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून खात्यावर रक्कम नावे पडली (खात्यातून वजा झाली) पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा व्हायला हवी, आणि उशीर झाल्यास दर दिवसामागे १०० रुपये ग्राहकाने न मागताच द्यायचे असतात. यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम पोहोचली नाही तर ती परत करण्यासाठी एकच दिवस आहे. म्हणजे स्विच आणि कोअर बँकिंग यांच्यामधला संपर्क ऐन व्यवहारात तुटला, तर त्या मिनिटांत अडकलेले व्यवहार मोजून त्यांना किमान एक किंमत लावता येते. ही किंमत नुकसानीचा तळ आहे. ग्राहक तुटण्याची किंमत त्यात धरलेली नाही.

एटीएममधील रोकड हे याहून बोलके उदाहरण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोकड वेळेवर न भरण्याबद्दल दंडाची योजना जाहीर केली. १ ऑक्टोबर २०२१ पासून एखाद्या एटीएममध्ये महिन्यात दहा तासांहून अधिक काळ रोकड नसेल, तर त्या एटीएममागे सरसकट १०,००० रुपये दंड, आणि रोकडीअभावी यंत्र किती वेळ बंद होते याचे विवरण यंत्रणेतूनच काढलेले असावे, अशी ती तरतूद होती. आता विचार करा : 'रोकड संपली' हा इव्हेंट महिन्याच्या तीन तारखेला येतो तेव्हा त्या यंत्राच्या नावावर एकही तास नसतो. तोच इव्हेंट त्याच यंत्रावर २६ तारखेला येतो तेव्हा आधीचे आठ तास नावावर असू शकतात आणि हाताशी दोनच उरतात. इव्हेंट एकच, उपकरण एकच, पण परिणाम वेगळा, कारण परिणाम मागच्या जमाखर्चावर अवलंबून आहे. कोणतेही टेम्प्लेट हा हिशोब ठेवत नाही. तो ठेवणारा एक छोटा तक्ता करून तिकिटाची प्राथमिकता त्यावरून ठरवणे हे खरे स्वयंचलन, आणि ते करायला महागडे साधनही लागत नाही. अशा नियमांतील तास, दिवस आणि रकमा बदलत असतात, म्हणून ते आकडे प्रोग्रामच्या आत न पुरता वेगळ्या तक्त्यात ठेवावेत आणि तो तक्ता अनुपालन विभागाच्या ताब्यात द्यावा.

याला जोडूनच वेळेचा मुद्दा येतो. पूर्वी रात्रीचा वेळ देखभालीसाठी मोकळा धरला जाई. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते, यूपीआय तर सुरुवातीपासूनच, त्यामुळे 'रात्री कोणाला काही फरक पडत नाही' हे गृहीतक आता चालत नाही. तरीही सगळे तास सारखे नाहीत. पगार आणि निवृत्तिवेतन जमा होण्याचे दिवस, मार्चअखेर, कारखान्याचे ऊसबिल सभासदांच्या खात्यात पडते तो आठवडा, ज्या गावात शाखा आहे तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस, या सगळ्याचे एक कॅलेंडर करून ते मॉनिटरिंग साधनाला पुरवावे. बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला एका तालुक्याच्या शाखेची लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली खास जोडणी) तुटणे आणि रविवारी दुपारी तीच तुटणे यांना एकच प्राथमिकता देणारी यंत्रणा कितीही हुशार म्हणवली, तरी तिला आपल्या गावाची माहिती नाही. साधन विकणारा हे कॅलेंडर आणून देणार नाही.

आता यूपीआयकडे जरा सविस्तर पाहू, कारण परिणाम कसा मोजावा याचा एक तयार नमुना तिथे आहे. यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था बँकनिहाय अयशस्वी व्यवहारांची दोन प्रकारांत विभागणी करून मासिक आकडे प्रसिद्ध करते. बँकेची किंवा एनपीसीआयची यंत्रणा उपलब्ध नसणे, नेटवर्कची अडचण, अशा कारणांनी पडलेला व्यवहार 'टेक्निकल डिक्लाइन' आणि चुकीचा पिन, अपुरी शिल्लक, दिवसाची मर्यादा ओलांडणे अशा कारणांनी पडलेला 'बिझनेस डिक्लाइन'. आपल्या स्विचच्या लॉगमध्ये प्रत्येक उत्तराबरोबर संकेतांक असतो; अपुऱ्या शिल्लकेचा झेड९ आणि चुकीच्या पिनचा झेडएम हे आपल्या माणसांना पाठ असतील. या संकेतांकांची दर मिनिटाला मोजणी करणारा एक साधा नियम हा माझ्या मते सर्व्हरवरच्या शंभर नियमांपेक्षा मोलाचा आहे, कारण तो थेट ग्राहकाच्या बाजूने पाहतो. टेक्निकल डिक्लाइनचे प्रमाण वाढले की समजावे की कारण काहीही असो, परिणाम सुरू झाला आहे. मग खालचे अलर्ट कारण शोधण्यासाठी वापरावेत.

इथे एक खाचखळगा आहे. बिझनेस डिक्लाइन म्हणजे ग्राहकाची चूक, असे समजून त्याकडे डोळेझाक करू नये. समजा, ग्राहकाने दिवसभरात किती रक्कम पाठवली याची मोजणी मध्यरात्री शून्यावर आणणारे काम अडकले. सकाळी पहिलाच व्यवहार करणाऱ्याला 'मर्यादा संपली' असे उत्तर जाईल, तो व्यवहार बिझनेस डिक्लाइनमध्ये मोजला जाईल, सर्व्हर हिरवे दिसतील, टेक्निकल डिक्लाइन नेहमीसारखेच राहील, आणि शाखेत मात्र लोक मोबाइल दाखवत उभे राहतील. म्हणून प्रत्येक संकेतांकाचे त्या वाराचे आणि त्या तासाचे नेहमीचे प्रमाण ठेवावे आणि त्यापासूनचा फरक पाहावा. सकाळी साडेआठला मर्यादेचा संकेतांक नेहमीच्या अनेक पट येतो आहे, हा आपोआप निघालेला अलर्ट कोणत्याही सीपीयूच्या अलर्टपेक्षा आधी आणि नेमका बोलतो.

साखळीतील अवलंबित्व कसे लपलेले असते, याचे सर्वांना आठवणारे उदाहरण मुंबईतच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील सौदे सकाळी ११.४० ला थांबवावे लागले आणि ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवला गेला. दूरसंचार कंपन्यांच्या लिंक तुटल्या, त्यातून साठवण यंत्रणेने अनपेक्षित वागणूक दाखवली आणि क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली. जोखीम तपासल्याशिवाय सौदे चालू ठेवणे योग्य नव्हते, म्हणून बाजार थांबला. सौदे जुळवणारी यंत्रणा तेवढी पाहणाऱ्याला हा परिणाम आधी दिसला नसता. पुढच्याच महिन्यात, २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकात, सेबीने बाजार संस्थांना महत्त्वाची प्रणाली विस्कळीत झाल्यापासून ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करण्याचे आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करण्याचे बंधन घातले. आपल्या बँकेला तो नियम लागू नाही, पण त्यातली दिशा ध्यानात घ्यावी : ३० मिनिटांत निर्णय घ्यायचा तर परिणाम किती याचे उत्तर पहिल्या काही मिनिटांत, माणसांची फोनाफोनी होण्याआधी, पडद्यावर असावे लागते.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा प्रोग्राम आठपैकी सात सर्व्हरवरच चढवला गेला होता. आठव्यावरचा जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत त्याने चाळीस लाखांहून अधिक सौदे करून टाकले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. अमेरिकी नियामकाच्या आदेशात नोंद आहे की बाजार साडेनऊला उघडण्याआधी, आठ वाजून एक मिनिटापासून, यंत्रणेने त्या जुन्या भागाचे नाव असलेले ९७ ईमेल आपोआप पाठवले होते. ते अलर्ट म्हणून रचलेलेच नव्हते, म्हणून कोणी ते पाहिले नाहीत. इव्हेंट पकडला गेला, संदेशही गेला, पण तो संदेश कोणत्या व्यवहाराशी जोडलेला आहे आणि कोणी हातचे काम टाकून तो पाहायचा, हे कोठेच लिहिलेले नव्हते. आपल्याकडेही 'आयटी ग्रुप'ला जाणारे असे ईमेल नक्की असतील. नवे साधन लावण्याआधी त्या मेलबॉक्समधले एका आठवड्याचे संदेश काढून पाहा. परिणाम ठरवण्याचा निम्मा अभ्यास तिथेच होईल.

याच प्रकरणातली दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या स्वयंचलनाकडे नेते. गोंधळ सुरू झाल्यावर नाइट कॅपिटलच्या माणसांनी उपाय म्हणून ज्या सात सर्व्हरवर नवा प्रोग्राम नीट चढला होता, तिथूनच तो काढून घेतला आणि परिस्थिती आणखी चिघळली. ही कृती माणसांनी केली होती. यंत्रणेने केली असती तर ती आणखी वेगाने झाली असती, एवढाच फरक.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगातून गायब झाले, त्यात तर हा वेग प्रत्यक्ष दिसला. देखभालीच्या एका आदेशाने कंपनीचे अंतर्गत नेटवर्क तुटले. त्यांचे डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारे) असे रचलेले होते की डेटा सेंटरशी संपर्क नसेल तर 'मी निरोगी नाही' असे समजून स्वतःचा रस्ता इंटरनेटवरून मागे घ्यावा. एका ठिकाणचा सर्व्हर बिघडला असता तर हे वागणे अगदी योग्य होते. सगळ्यांना एकाच वेळी संपर्क तुटलेला दिसला आणि सगळ्यांनी नियमाप्रमाणे माघार घेतली. नियम लिहिताना एका सर्व्हरचा परिणाम डोळ्यांपुढे होता, सर्वांचा मिळून होणारा परिणाम नव्हता.

आपल्या जवळचे उदाहरण १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय सेवा खंडित झाली त्याचे. त्यानंतर पुढे आलेल्या माहितीनुसार, काही बँकांच्या यंत्रणांनी व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा मारा केल्याने भार वाढला होता. स्थिती विचारणे ही निरुपद्रवी, किंबहुना ग्राहकाच्या हिताची कृती, पण उत्तर येत नाही म्हणून प्रत्येक यंत्रणा पुन्हा पुन्हा विचारू लागली की दुखण्यावरच भार पडतो. त्या महिन्यात एनपीसीआयने बँकांना बजावले की ठरावीक वेळ थांबूनच स्थिती विचारावी आणि एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीनदा, तेही शक्यतो दोन तासांच्या आत विचारावी. आपल्या प्रत्येक स्वयंचलित नियमाला अशी मर्यादा हवी : एका तासात किती वेळा, एका वेळी किती सर्व्हरवर, आणि मर्यादा संपल्यावर कोणाला उठवायचे.

आपल्या योजनेत अॅप्लिकेशन सर्व्हर अडकला की तो आपोआप रिस्टार्ट करण्याची कृती पहिल्याच टप्प्यात धरली असेल, कारण ती प्रात्यक्षिकात छान दिसते. तिचा परिणाम मांडून पाहा. रिस्टार्टच्या क्षणी काही व्यवहार मधल्या अवस्थेत असतात : खात्यावर रक्कम नावे पडली आहे, पण स्विचला उत्तर गेलेले नाही. रिस्टार्टनंतर सर्व्हर हिरवा होतो, तिकीट 'आपोआप निराकरण' म्हणून बंद होते, अहवालात ते यश म्हणून मोजले जाते, आणि दुसऱ्या दिवशी रिकन्सिलिएशनच्या टेबलावर न जुळणाऱ्या नोंदींचा गठ्ठा पडतो. वर सांगितलेले रोजचे १०० रुपये तिथून सुरू होतात. मॉनिटरिंगच्या हिशोबात हा खर्च कधीच दिसत नाही, कारण तो दुसऱ्या विभागाच्या माथी पडलेला असतो. रिस्टार्ट करूच नये असे मी म्हणत नाही. आधी सर्व्हरकडे येणारे नवे व्यवहार वळवावेत, चालू असलेले संपू द्यावेत, मग रिस्टार्ट करावा, आणि अर्धवट राहिलेल्या व्यवहारांची यादी आपोआप काढून रिकन्सिलिएशन विभागाला द्यावी. एवढे जमत नसेल तर निर्णय माणसाकडेच राहू द्यावा.

बँकेत यासाठी वेगळा सिद्धांत शोधण्याची गरज नाही. मेकर-चेकरची रीत (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची) आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. माहिती गोळा करणाऱ्या कृती, म्हणजे लॉग काढणे, चालू प्रक्रियांची नोंद घेणे, शेवटचा बदल कोणता झाला ते शोधणे, या यंत्रणेने विनापरवानगी कराव्यात. ज्या कृती सहज उलटवता येतात त्या यंत्रणेने कराव्यात आणि लगेच कळवाव्यात. ज्या पैशाच्या नोंदींना किंवा अनेक शाखांना स्पर्श करतात, त्यांत यंत्रणा मेकर आणि ऑन-कॉल अधिकारी चेकर. आणीबाणीच्या बदलांसाठी जी नोंदवही लेखापरीक्षक मागतात, तिच्यात यंत्रणेच्या कृतीही त्याच नमुन्यात उतरल्या पाहिजेत, नाहीतर पहिल्याच तपासणीत अडचण होईल.

एआयऑप्सबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून देखरेख करणाऱ्या साधनांबद्दल, आपण विचारले नाही, तरी पुरवठादार तो विषय काढणारच. एकाच बिघाडातून निघालेले शेकडो अलर्ट एकत्र बांधणे हे काम अशी साधने चांगले करतात आणि त्याचा रात्रपाळीला खरा दिलासा मिळतो. ऊसबिलाचा आठवडा कोणता हे मात्र त्यांना सांगावेच लागते. आणि घटनांचा क्रम लावायचा तर सगळी घड्याळे एका वेळेला हवीत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घड्याळे जुळवणे, लॉग १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहेच, तेव्हा ही तयारी दोन्ही कामी येते. चार मिनिटे पुढे असलेले स्विचचे घड्याळ कारणाला परिणाम आणि परिणामाला कारण ठरवते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

संचालक मंडळापुढे काय मांडावे? अलर्ट किती घटले हा आकडा मांडू नये, कारण मर्यादा वाढवून तो कोणालाही घटवता येतो. उपलब्धतेची टक्केवारीही एकटी फसवी आहे. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद. ती ४३ मिनिटे पहाटे तीनला गेली की पगाराच्या दिवशी सकाळी अकराला, हे टक्केवारी सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येक सेवेचे अयशस्वी व्यवहार, त्यांतले आपल्या यंत्रणेमुळे पडलेले किती, परत करायला उशीर झालेले किती आणि त्यापोटी दिलेली भरपाई किती, हे दर महिन्याला एका पानावर द्यावे. सोबत आणखी एक आकडा जरूर द्यावा : किती घटना ग्राहकाने किंवा शाखेने कळवण्याआधी मॉनिटरिंगला दिसल्या. हा आकडा सजवणे अवघड आहे आणि संचालकांना तो लगेच कळतो, कारण तक्रारीचे फोन त्यांनाही येत असतात. टळलेल्या नुकसानीचे मोठमोठे अंदाज मात्र मांडू नयेत. न घडलेल्या गोष्टीचा हिशोब कोणी तपासू शकत नाही आणि तो एकदा अतिशयोक्त वाटला की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

क्रम म्हणाल तर यूपीआय आणि एटीएम हे दोनच विषय आधी घ्या. पहिल्या तिमाहीत यंत्रणेला काहीही दुरुस्त करू देऊ नका. तिने फक्त 'मला मुभा असती तर हे केले असते' असे लिहावे आणि दर आठवड्याला ऑन-कॉल अभियंता व रिकन्सिलिएशनचा एक कर्मचारी यांनी ते तपासावे. जे नियम या तपासणीत सलग बरोबर ठरतील त्यांनाच पुढे कृतीची परवानगी द्यावी.

शेवटचा मुद्दा करारांचा, आणि तो आत्ताच हाती घ्यावा लागेल, कारण त्याला सर्वाधिक वेळ लागतो. कोअर बँकिंग आणि स्विच पुरवठादाराकडे असतील तर त्यांच्या बाजूचे इव्हेंट आणि उत्तरांचे संकेतांक आपल्या साधनापर्यंत मिनिटागणिक पोहोचण्याची तरतूद जुन्या करारांत बहुधा नसते. महिनाअखेरीचा अहवाल आणि उपलब्धतेची टक्केवारी एवढेच त्यात असते. नूतनीकरणाच्या वेळी ही माहिती मिळण्याचा हक्क, त्यांच्या घड्याळांची अचूकता, नियोजित बदलाची पूर्वसूचना आणि त्यांच्याकडे आपोआप होणाऱ्या रिस्टार्टची तत्काळ नोंद, या चार गोष्टी सेवास्तराच्या परिशिष्टात लिहून घ्याव्यात.